खेळ फुकट, घाई विकत

मोबाईलवरच्या फुकट गेममध्ये खिशातले पैसे घालावेत की नुसता वेळ घालावा, यावर आम्ही प्रश्न मागवले होते. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून पत्रं आली. त्यांतली आठ इथे घेतली आहेत. पत्रांखाली फक्त गाव दिलं आहे, नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे, वय २६. आठ महिने ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ खेळतोय, चार बिल्डर (गेममधल्या गावात बांधकाम करणारे गवंडी) आहेत. क्लॅनमधले, म्हणजे गेममधल्या गटातले, दोघे पैसे घालून पुढे गेले. माझी पाळी बदलती, वेळ मिळत नाही. ओव्हरटाइमला तासाला ८० रुपये सुटतात. मग गेमवर तासन् तास घासण्यापेक्षा ओव्हरटाइम करून जेम (गेममधलं नाणं) घेतलेले परवडत नाहीत काय? ५०० जेम साडेचारशेच्या आसपास दाखवतंय. (अनगोळ)

उत्तर : हिशेब मांडलात हे चांगलं केलंत, पण त्यात दोन वेगळे वेळ एकाच पोत्यात गेलेत. एक घड्याळाचा वेळ. इमारत अपग्रेडला लावली की ती चार दिवस, आठ दिवस आपोआप चालते. तुम्ही साच्यात रस ओतत असा नाहीतर झोपलेले असा, तिला तुमची गरज नाही. दुसरा हाताचा वेळ. हल्ला करून लूट आणायची तेव्हा डोळे आणि बोटं दोन्ही गुंततात. जेम मुख्यतः घड्याळाचा वेळ मिटवायला विकले जातात, आणि त्या वेळेला तुमच्या ओव्हरटाइमचा भाव लावता येत नाही, कारण तो वेळ तुमचा जातच नाही.

आता दर बघा. उरलेला वेळ जेमांनी संपवायचा भाव या गेममध्ये बरीच वर्षं असा चालत आला आहे : १ तासाला २० जेम, १ दिवसाला २६०, ७ दिवसांना १,०००. तुम्ही दिलेल्या दराने एक जेम ९० पैशांना पडतो. म्हणजे एक तास मिटवायला १८ रुपये. पूर्ण दिवसाला २३४, तिथे तास पावणेदहा रुपयांना पडला. आठवड्याला ९००, तिथे तास ५ रुपये ३६ पैशांना. उरलेला वेळ जितका कमी, तितका तासाचा भाव चढा. आणि बहुतेकांचा हात नेमका तिथेच सुटतो : ‘चाळीसच मिनिटं राहिलीत, मारून टाकू.’ सगळ्यांत महाग जेम तो हाच.

याच जेमांचा पाचवा बिल्डर बघा. त्याच्या झोपडीला २,००० जेम, म्हणजे त्याच दराने १,८०० रुपये. आकडा मोठा दिसतो, पण तो बिल्डर एकदा आला की कायमचा. वर्षाचे ८,७६० तास धरले तर पहिल्या वर्षीच तास साडेवीस पैशांना पडतो, पुढे त्याहून कमी. एकीकडे १८ रुपये, दुसरीकडे २० पैसे. म्हणून पाचवा बिल्डर येईपर्यंत एकही जेम घाईवर घालू नका, मग तो विकतचा असो की फुकटचा.

फुकटचे जेम कमी नसतात. गावात दर ८ तासांनी एक झाड किंवा झुडूप उगवतं. ते काढलं की कधी शून्य, कधी ६, सरासरी २ जेम मिळतात. दिवसाला तीन धरली तर महिन्याचे १८०. साधारण आठवड्याला एक जेमची पेटी उगवते, तिचे २५. असे महिन्याला २८०, म्हणजे २,००० व्हायला सात महिने. अचीव्हमेंटचे जेम धरले तर त्याहून बरंच लवकर. तुम्ही आठ महिने खेळताय. रोजच्या घाईत ते उडाले नसते तर पाचवा बिल्डर आज गावात उभा असता.

पाळीचं गणित असं बसवा. कामावर निघताना सगळ्यांत लांब अपग्रेड लावून जा, छोटी कामं सुट्टीच्या दिवशी. हातात लूट उरली तर निघण्याआधी ती भिंतींवर घाला. भिंतीला लूट लागते, वेळ लागत नाही. भरलेली कोठारं सोडून गेलात तर परत येईपर्यंत कुणीतरी लुटून गेलेलं असतं, आणि मग ती भरपाई करायला हाताचा वेळ जातो. काम एका झटक्यात पुरं करणारं पुस्तक बक्षिसात मिळालं तर ते सर्वांत लांब अपग्रेडसाठी राखून ठेवा, दोन दिवसांच्या कामावर उडवू नका.

पैसे घालायचेच ठरवलं असेल तर महिन्याचा पास (खेळून चढलेल्या पायऱ्यांवर जास्तीची बक्षिसं देणारं विकतचं तिकीट) हा एकच सौदा आम्ही बरा म्हणू, तोही महिना सुरू झाल्या झाल्या नाही. आधी फुकटच्या रांगेत खेळा. जितक्या पायऱ्या तुम्ही चढलात तितकी बक्षिसं पास घेतल्यावर मागाहूनही मिळतात. तिसऱ्या आठवड्यात बघा : पाळ्यांमुळे निम्म्याही पायऱ्या झाल्या नसतील तर पास घेऊ नका, पैसे वाचले. झाल्या असतील तर काय मिळणार हे समोर दिसतंच. उशिरा घेण्यात एक तोटा आहे, तो सांगायला हवा. बांधकामाचा वेळ २० टक्क्यांपर्यंत कमी करणारी पासमधली सवलत मग थोडेच दिवस वापरायला मिळते. पाचही बिल्डर असलेल्या आणि रोज खेळणाऱ्या माणसाला सुरुवातीला घेणं फायद्याचं. तुम्हाला आज तरी नाही.

राहिला हाताचा वेळ. तिथे ओव्हरटाइमशी तुलना चालते, पण आधी एक विचारा : हल्ले करायला मजा येते काय? येत असेल तर तो वेळ वाचवायला पैसे देणं म्हणजे न खेळण्याचे पैसे देणं. येत नसेल तर गेम बदलायची वेळ आली आहे.

प्रश्न : सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० रुपये माझ्या खात्यावर येतात. या महिन्यात बघितलं तर ६४० उरलेले. पोरगं सातवीत आहे, फ्री फायर खेळतं. त्याने अकरा वेळा डायमंड (त्या गेममधलं नाणं) घेतले म्हणून कबूल केलं. पिन त्याला माहीत होता. पैसे परत मिळतात काय? पुढे असं होऊ नये म्हणून काय करायचं? (नंदगड, ता. खानापूर)

उत्तर : ताई, मिळू शकतात, पण घाई करायला हवी. गूगल प्लेवरच्या खरेदीचा परतावा ४८ तासांच्या आत मागितला तर काम सोपं जातं. त्यानंतर गेम बनवणाऱ्या कंपनीकडे मागावा लागतो आणि नकाराची शक्यता वाढते. म्हणून हे वाचून संपवायच्या आधी फोन हातात घ्या.

प्ले स्टोअर उघडा. वर उजव्या कोपऱ्यात गोल चित्र दिसतं, त्यावर दाबा. ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’, त्यात ‘बजेट अँड हिस्टरी’. तिथे अकराही खरेद्या तारखेसकट दिसतील. खरेदीच्या पावतीच्या ईमेलमध्ये ‘जीपीए’ या अक्षरांनी सुरू होणारा ऑर्डर नंबर असतो, तो प्रत्येकीचा लिहून ठेवा. मग गूगल प्लेच्या वेबसाइटवर आपल्याच खात्याने आत जाऊन एकेका ऑर्डरसमोर तक्रार नोंदवा, कारण निवडताना ‘घरच्या व्यक्तीने माझ्या परवानगीशिवाय घेतलं’ अशा अर्थाचं वाक्य निवडा. अकरा ऑर्डर म्हणजे अकरा वेळा. कंटाळून पाचवर थांबू नका. मुलाचं वय स्पष्ट लिहा. १८ वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याने बंधनकारक ठरत नाही, आणि तक्रारीत हे एक वाक्य असलेलं बरं. परतावा मिळाला तर ते डायमंड आणि त्यांनी घेतलेल्या वस्तू खात्यातून काढून घेतल्या जाऊ शकतात, कधी गेमचं खातं बंदही होतं. मुलाला हे आधीच सांगा, म्हणजे नंतर रडारड होणार नाही. उत्तर मिळालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

यादीत एखादी रक्कम दिसलीच नाही, पण बँकेच्या मेसेजमध्ये ती कुण्या माणसाच्या नावावर गेलेली असेल, तर ती गूगलची खरेदी नव्हे. कुणीतरी ‘स्वस्तात डायमंड’ म्हणून थेट यूपीआयने पैसे उकळलेत. त्यासाठी लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. आणि ‘परतावा मिळवून देतो, ओटीपी सांगा’ म्हणणारा फोन आला तर तो तिथेच ठेवून द्या.

आता पुढचं. मुलाला पिन कसा कळला, हे आम्हाला अशा बहुतेक पत्रांत एकाच वाटेने दिसतं. गृहलक्ष्मी जमा झाली काय हे बघायला आई मुलाला सांगते. यूपीआय अ‍ॅपमध्ये शिल्लक बघायलाही तोच पिन लागतो, जो पैसे पाठवायला लागतो. शिल्लक बघायचा पिन म्हणून दिला, तो तिजोरीची किल्ली निघाला. म्हणून पिन आजच बदला आणि जमा झालं की नाही हे बँकेच्या मेसेजवरून, पासबुकावरून किंवा ‘डीबीटी कर्नाटक’ अ‍ॅपवरून बघा. तिथे या पिनचा संबंधच येत नाही.

त्यानंतर प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये खरेदीच्या पडताळणीचा पर्याय आहे, तो ‘प्रत्येक खरेदीला’ असा ठेवा. इथे एक चूक हमखास होते. पडताळणी बोटाच्या ठशाने ठेवली आणि फोन उघडायला मुलाचाही ठसा नोंदवलेला असेल, तर त्याच्या बोटानेही खरेदी होते. फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तो ठसा काढा. पेमेंटच्या यादीतून यूपीआय, कार्ड आणि सिमच्या बिलावर पैसे लावायचा पर्याय असेल तर तोही काढून टाका. त्याच ‘बजेट अँड हिस्टरी’त महिन्याचं बजेट ठरवता येतं, पण ते फक्त इशारा देतं, खरेदी थांबवत नाही. अनेकजण त्याच्या भरवशावर राहतात. यूपीआय लाइट सुरू असेल तर त्यातल्या छोट्या रकमांना पिन लागत नाही, तेही बंद करा. आणि गावातल्या मोबाईलच्या दुकानात रोख देऊन रिचार्ज कोड मिळतो, त्याला यांतलं कुठलंच कुलूप अडवत नाही. दुकानदार ओळखीचा असतो, त्याला सांगून ठेवा.

पोराला मारू नका. अकरा वेळा थोडे थोडे गेले, एकदम १,३६० गेले नाहीत. डायमंड हे वेगळंच नाणं मध्ये असल्याने गेममध्ये खर्चताना समोर रुपये दिसतच नाहीत. त्याला कागदावर अकरा रकमा लिहायला लावा आणि त्यानेच बेरीज करू दे.

प्रश्न : पैसे खात्यातून कापले, पण गेममध्ये काही आलं नाही. नेटवर्क गेलं होतं. परत एकदा भरू काय? (जांबोटी)

उत्तर : अजिबात नको. जांबोटी-कणकुंबीकडे रेंज जाते-येते, त्यामुळे दोनदा पैसे गेल्याचं असं दुखणं तिकडूनच जास्त येतं. प्ले स्टोअरच्या यादीत ती ऑर्डर ‘पेंडिंग’ दिसत असेल तर थांबा, रेंज आल्यावर गेम पूर्ण बंद करून उघडा, पुष्कळदा माल येतो. ऑर्डर रद्द झाली आणि खात्यातून पैसे गेले असतील तर ते आपोआप परत यायला हवेत. व्यापाऱ्याला केलेल्या यूपीआय पेमेंटसाठी रिझर्व्ह बँकेने व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांची मुदत घातली आहे. ती उलटली तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई देणं बँकेला भाग आहे. व्यवहाराचा यूटीआर नंबर जपून ठेवा. आणि खरेदी करायचीच असेल तर घरी वायफायवर करा, एसटीत बसून नको.

प्रश्न : पीयूसीला आहे. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया) या गेममध्ये यूसी, म्हणजे तिथलं नाणं, घालून गन स्किन (बंदुकीचं रंगरूप) घेतली तर गेम सुधारतो असं मित्र म्हणतात. इन्स्टावर एकजण निम्म्या किमतीत यूसी देतो, आयडी-पासवर्ड मागतो. घेऊ काय? (निपाणी)

उत्तर : बीजीएमआयमध्ये स्किनने गोळीचं नुकसान वाढत नाही, रिकॉइल (बंदुकीचा धक्का) कमी होत नाही. तो फक्त देखावा आहे. फ्री फायरमध्ये तसं नाही, तिथे काही गन स्किनना डॅमेज, फायर रेट असे गुण जोडलेले असतात. दोन्ही खेळणारे मित्र गल्लत करतात, म्हणून हा समज पसरतो. बीजीएमआयमध्ये खरंच सुधारायचं तर पैसे न घालता दोन गोष्टी करा : ट्रेनिंग मैदानात रोज १५ मिनिटं एकाच बंदुकीचा स्प्रे (सलग गोळीबार), आणि सेन्सिटिव्हिटी (बोट हललं की नेम किती हलतो ते) एकदा बसवली की पंधरा दिवस तिला हात न लावणं. रोज बदलली की बोटांना सवय लागतच नाही.

निम्म्या किमतीचा माणूस सरळ ब्लॉक करा. आयडी-पासवर्ड मागतो तो खातं चोरण्यासाठी. पहिल्यांदा देतोही, चोरलेल्या कार्डावर. मग मूळ कार्डवाला तक्रार करतो, पैसे उलटतात आणि बॅन तुमच्या आयडीला लागतो. तोपर्यंत तो दुसऱ्या नावाने दुसऱ्या पोराशी बोलत असतो.

‘लहान मुलांना खर्चाची मर्यादा आहे ना’ असं तुम्ही पुढे विचारलंय. २०२१ मध्ये ही गेम आली तेव्हा १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तास आणि ७,००० रुपये अशी मर्यादा जाहीर झाली होती. दिवसाला ७,०००! निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या घरात ही मर्यादा कुणाला थांबवणार? तुमची मर्यादा घरात बसून तुम्हीच आकड्यात ठरवा.

प्रश्न : इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’मध्ये हवं असलेल्या पात्राच्या बॅनरवर (ठरावीक दिवस चालणारी सोडत) ६२ पुल (सोडतीतले डाव) झालेत, काहीच आलं नाही. चार दिवसांत बॅनर जाणार. आणखी १५ पुलांचे पैसे घालू काय? (टिळकवाडी)

उत्तर : तुमच्या मनात जी भीती आहे, ६२ पुल वाया जाण्याची, ती आधी काढू. ते वाया जात नाहीत. पात्रांच्या पुढच्या बॅनरवर मोजणी तिथूनच पुढे सुरू होते. चार दिवसांचं घड्याळ फक्त याच पात्रापुरतं आहे.

पंचतारांकित, म्हणजे सर्वांत दुर्मिळ, पात्राची मूळ शक्यता दर पुलाला ०.६ टक्के. नव्वदाव्या पुलाला ते नक्की. खेळाडूंनी असंख्य पुलांच्या नोंदी जमवून काढलंय की साधारण ७४ पासून शक्यता झपाट्याने चढते. त्याआधीच्या ७३ पुलांत शंभरातल्या सुमारे ६४ जणांना काहीच मिळत नाही, म्हणजे तुमचं नशीब वाईट नाही, बहुतेकांचं असंच असतं. ६२ आणि १५ म्हणजे ७७, त्या चढणीला तुम्ही लागता, म्हणून मोह होतो. पण येणारं पंचतारांकित पात्र बॅनरवरचंच असेल असं नाही, पहिल्या वेळी दुसरंच यायची शक्यता मोठी असते. मग पुढचं नक्की हवं ते, पण त्यासाठी पुन्हा जास्तीत जास्त ९० पुल. एका पुलाला १६० प्रिमोजेम (गेममधलं नाणं), म्हणजे ९० पुलांना १४,४००. प्रश्न १५ पुलांचा नाहीच. १५ घातल्यावर चुकीचं पात्र आलं तर तुम्ही थांबणार काय, हा आहे. थांबणार नसाल तर पहिले १५ही घालू नका.

पैसे आणि वेळ यांचं सरळ गणित या गेममध्ये छान मांडता येतं. रोजच्या चार कामगिऱ्यांचे ६० प्रिमोजेम, महिन्याचे १,८००, म्हणजे ११ पुल. नुसत्या त्यावर ९० पुल व्हायला आठ महिने. महिन्याचं ‘वेल्किन मून’ कार्ड घेतलं तर लगेच ३०० आणि रोज ९०, एकूण ३,०००. दोन्ही मिळून ४,८००, बरोबर ३० पुल. म्हणजे तीन महिन्यांत ९०, शिवाय इव्हेंटचे वेगळे. सुटे पुल घेण्यापेक्षा हे कार्ड कितीतरी स्वस्त पडतं, पण त्यात मेख आहे : रोज आत गेलात तरच ९० मिळतात, चुकलेला दिवस गेला तो गेला. म्हणून व्हीटीयूच्या परीक्षेच्या महिन्यात हे कार्ड घेऊ नका. एकतर पैसे बुडतील, नाहीतर पेपरच्या आदल्या रात्री ‘पाचच मिनिटं’ म्हणून आत शिराल आणि तास जाईल.

प्रश्न : मी गेममध्ये आजवर एक रुपया घातला नाही. बायको तरी भांडते. जाहिराती बघून नाणी मिळवतो, दिवसाला वीसेक. एका जाहिरातीला ३ नाणी. यात नुकसान काय? (वडगाव)

उत्तर : तुम्ही लिहिलंय की दुकानात १,००० नाणी ८९ रुपयांना आहेत आणि तुमचे दोन माग आहेत. त्यावरूनच मांडू. जाहिरात ३० सेकंदांची असली तरी ती बंद करायची फुली सापडेपर्यंत ४५ सेकंद जातात. वीस जाहिराती म्हणजे १५ मिनिटं, नाणी ६०, किंमत सव्वापाच रुपये. महिन्याला साडेसात तास आणि १६० रुपयांची नाणी. तासाला २१ रुपये मजुरी. इतक्या कमीत तुम्ही मागावर उभे राहिला नसता.

पण खरं नुकसान त्या १५ मिनिटांचं नाही. माग चालू असताना एका हातात फोन असतो, त्याचं आहे. धोट्यातली कांडी संपली, ताण्याचा एक धागा तुटला, आणि ते तीस सेकंद उशिरा दिसलं, की साडीत रेघ पडते. दागी साडीची मजुरी कापली जाते. एका साडीचे जे कापले जातात त्यात महिनाभराची नाणी विकत आली असती. हिशेब घरच्यांसमोर मांडा, भांडण आपोआप उतरेल. आम्हाला वाटतं त्यांचं बरोबर आहे.

काय करता येईल? जाहिराती पूर्ण सोडा, किंवा माग बंद असतो त्या वेळेत, जेवणानंतर, दहा बघा. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ आहे, त्यात त्या गेमला दिवसाला ३० मिनिटांचा टायमर लावा. वेळ संपली की चिन्ह राखाडी होतं आणि मध्यरात्रीपर्यंत गेम उघडत नाही. गेमच्या नोटिफिकेशन बंद करा. ‘तुमची शक्ती भरली’ असा मेसेज मुद्दाम कामाच्या वेळी हाक मारतो.

प्रश्न : ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने हे सगळे गेम बंद होणार काय? (संकेश्वर)

उत्तर : नाही. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेला हा कायदा पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर आहे, रमी, फँटसी वगैरे. तुम्ही पैसे देऊन स्किन किंवा जेम घेता, त्यातून पैसे परत मिळायची आशा नसते, त्याला हा लागू होत नाही. शिक्षाही खेळणाऱ्याला नाही, असे खेळ चालवणाऱ्याला, त्यांची जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांचा व्यवहार करून देणाऱ्याला आहे. मात्र कुणी ‘बीजीएमआयवर पैज लावू, जिंकणाऱ्याला दोन हजार’ म्हणून ग्रुपवर पैसे गोळा करत असेल तर त्यापासून लांब राहा.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे. ‘कॅन्डी क्रश’ची एक पातळी आठ दिवस सुटत नाही. पाच चाली विकत घेतल्या तर सुटेल असं दाखवतं. घ्याव्यात काय? (चिकोडी)

उत्तर : गुरुजी, नको. पाच चाली घेतल्या तरी पट तोच राहतो आणि पाचव्या चालीला तोच प्रश्न पुन्हा येतो. तुमच्याकडे पाच प्राण असतात, एक भरायला ३० मिनिटं, पाचही भरायला अडीच तास. सकाळी चहाबरोबर पाच आणि संध्याकाळी पाच, इतकं पुष्कळ झालं. एक युक्ती : पातळी उघडल्यावर पट वाईट दिसला तर पहिली चाल करायच्या आधीच बाहेर पडा, प्राण जात नाही. परत उघडलं की मांडणी बदलते. तळाशी जुळवणी करा, म्हणजे वरच्या गोळ्या खाली घसरून आपोआप जुळतात. आणि ‘ऑफर संपायला १० मिनिटं’ असं घड्याळ दिसलं तर फोन उपडा ठेवून चहा घ्या. खोटी घाई दाखवणं हे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या १३ प्रकारांत धरलं आहे. तसली ऑफर चार दिवसांनी पुन्हा येते.